फेरविचाराचे दोन महिने

नोकरीची बहुतेक वर्षं मी दत्तक संस्थेत समाजसेविका होते. दत्तक घेणाऱ्यांबद्दल सगळीकडे छापून येतं. बाळ देणारी बाई मात्र फायलीतच राहते. अमेरिकेत पुष्कळदा न्यायालय आईबापांचे हक्क संपवतं. आपल्याकडे, निदान माझ्या टेबलापर्यंत आलेल्या प्रकरणांत, आई स्वतःच बाल कल्याण समितीपुढे येऊन ते सोडते. आम्ही त्याला सरळ ‘सरेंडर’ म्हणायचो. त्या कामात जे कळलं ते असं:

१. सरेंडरची सही दवाखान्याच्या खाटेवर होत नाही, नोटरीपुढेही होत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३५ प्रमाणे आईबापांनी समितीपुढे यायचं, समुपदेशन व्हायचं आणि मगच करारपत्र. हिंदू दत्तक कायद्यानं नोंदणी करून होणारं दत्तक हा वेगळा रस्ता आहे. पण प्रसूतिगृहातून परस्पर ‘चांगल्या घरी’ बाळ गेलं आणि त्यात पैसे फिरले, तर ती विक्री. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. दवाखान्यातल्या माणसाचा हात असेल तर तीन ते सात वर्षं. मध्यस्थी करणाऱ्या बाया पुण्य केल्याच्या थाटात सांगायच्या, तेव्हा मी हे शिक्षेचं कलम वाचून दाखवायचे.

२. बरोबर आलेल्यांना आधी बाहेर बसवावं. आई, आत्या, गावचा कोणी पुढारी, सगळे बोलतात आणि मुलगी खाली मान घालून बसते. दार लावून, चहा देऊन पहिली दहा मिनिटं बाळाचा विषयच काढायचा नाही. मग कळतं की कधी तिला बाळ ठेवायचंय, फक्त राहायला जागा नाही. कधी नवरा वारलाय आणि दीर घराबाहेर काढतोय. अशा वेळी बालसंगोपन योजनेची माहिती न देता करारपत्र पुढे सरकवणं हा मी गुन्हाच मानते, कायद्यात तो नसला तरी.

३. सही कोणाची, हे आधी तपासावं. लग्नाचं जोडपं असेल तर दोघांची. एक जण वारला असेल तर मृत्यूचा दाखला. अविवाहित आई असेल तर तिची एकटीची, बापाला विचारायचं कारण नाही. आई स्वतः अठराच्या आतली असेल तर बरोबरच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि पोलिसांना कळवावंच लागतं. हे पहिल्याच भेटीत सांगावं. नंतर कळलं की तिला फसवल्यासारखं वाटतं. नवरा परागंदा असेल किंवा आजीनंच बाळ आणलं असेल, तर ते सरेंडर धरत नाहीत. बाळ सोडून दिलेलं समजून चौकशी लागते.

४. सहीनंतर दोन महिने फेरविचाराचे. कायद्यातलं हे सगळ्यात शहाणं कलम आहे आणि सगळ्यात जास्त कागदावर राहणारंही. बाळ शिशुगृहात असतं, आई मागे फिरू शकते. पण तिला आठवण कोण करून देणार? तिच्या घरी फोन करता येत नाही, पत्र पाठवता येत नाही, करारपत्राची प्रत ती कपाटात ठेवू शकत नाही. म्हणून मी तारखेऐवजी सण सांगायचे. “पोरी, पोळा झाला की मुदत संपली. त्याच्या आत कधीही ये, कारण सांगू नकोस.” काही यायच्या. कोणी नुसती बघून जायची, कोणी मावशीला घेऊन यायची आणि बाळ न्यायची. नेणाऱ्या बाईकडे संस्थेतली काही माणसं नाराजीनं बघतात, कारण यादीतल्या जोडप्यांची वाट लांबते. ती नाराजी दारातच थांबवावी लागते.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. सही झाल्यावरही दूध येतं. छाती दुखते, ताप येतो, आणि घरात कोणाला सांगता येत नाही. निघण्याआधी डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी.

५. मुदत संपल्यावर समिती बाळाला दत्तकासाठी मुक्त घोषित करते. मात्र जन्मदात्यांशी नातं कायद्यानं तुटतं ते दत्तकाच्या आदेशानं. हे आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं, २०२१ च्या दुरुस्तीनं ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. सरेंडर झालेल्या बाळाची वर्तमानपत्रात जाहिरात देत नाहीत. आईला हे दोनदा सांगावं, तिची निम्मी भीती तिथेच असते.

६. ‘कसली आई ही?’ असं म्हणणारे भेटतातच. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा तिथे आलेल्या बाईला हा प्रश्न नव्हता. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. आजचा कायदाही नाइलाजानं मूल सोडणाऱ्या आईबापांचं कृत्य हेतुपुरस्सर धरत नाही.

७. फायलीत घरातल्या आजारांची माहिती नीट लिहून घ्यावी: मधुमेह, सिकलसेल, फिट्स. मूल अठरा वर्षांचं झालं की स्वतः मुळांचा शोध घेऊ शकतं. आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर ते तिच्या संमतीशिवाय देता येत नाही. आजारांची नोंद मात्र त्या मुलाच्या डॉक्टरला उपयोगी पडते. बाळाच्या हातातला काळा दोरा, दृष्टमणी, जे असेल ते पाकिटात घालून फायलीलाच टाचावं.

तुमच्या नात्यात, वस्तीत अशी अडलेली मुलगी असेल तर ओळखीच्या दवाखान्यात ‘गिऱ्हाईक’ शोधू नका. १०९८ हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे आणि रात्रीही लागतो.