शेवटचं वर्ष आणि कबड्डी

प्रश्न : मुलगी गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कबड्डीपायी प्रॅक्टिकल बुडतात. खेळ बंद करायला लावू का?
– एक आई, आमगाव

उत्तर : ताई, बंद करू नका. नागपूर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची संधी विद्यार्थी असेपर्यंतच मिळते. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण कामगिरी ठरावीक स्तराची हवी, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभाग करतो. म्हणून प्रत्येक कागद जपा. पदवीही हवीच. स्पर्धेला निघण्याआधी क्रीडाशिक्षकांचं पत्र घेऊन तिनं विभागप्रमुखांना भेटावं, बुडणारी प्रॅक्टिकल्स कधी भरून काढायची ते ठरवावं. आणि एकदा तिचा सामना बघायला जा. चढाईला निघण्याआधी मुली गर्दीत आपलं माणूस शोधतात, हे मी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलंय.