दारूबंदीचा वाद : युक्तिवाद कसा तोलावा?



कल्याणच्या अनुभवमंडपात झालेल्या चर्चेची आठवण 'शून्यसंपादने' या ग्रंथाने संवादरूपाने जपली आहे. ते संवाद वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. अल्लमप्रभू समोरच्याचे म्हणणे आधी पुरते ऐकून घेतात आणि मग त्यातला कच्चा धागा नेमका ओढतात. समोर सिद्धराम असोत की अक्कमहादेवी, मान पाहून कोणाचे म्हणणे तपासल्यावाचून सोडलेले नाही. आपल्याकडे मात्र नीती-अनीतीचा प्रश्न निघाला की ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल लागतो. म्हणून या पाठात एकच वादाचा प्रश्न घेऊ आणि त्यावरचे युक्तिवाद तागडीत घालून पाहू. प्रश्न दारूबंदीचा आहे.

ठिकाण आदिलाबादचे घेतो, आणि त्याला कारण आहे. पैनगंगेच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरे. किनवट आणि राजुरा हे भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे नातीगोती, बाजारहाट आणि भाषा या सीमेने तुटलेली नाहीत. दारूबंदी मात्र या सीमेवर दोनदा आली, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूला.

नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी साक्षरता वर्गातून स्फूर्ती घेऊन गुत्ते बंद पाडले. त्या चळवळीमुळे १९९३ साली आंध्र प्रदेशात देशी दारू बंद झाली, १९९५ च्या जानेवारीत एन. टी. रामाराव सरकारने संपूर्ण बंदी आणली आणि १९९७ साली ती चंद्राबाबू नायडू सरकारने उठवली. त्या काळात आदिलाबाद कोरडा आणि महाराष्ट्राची बाजू ओली होती. पुढे उलटे झाले. चंद्रपूरच्या स्त्रियांनी २०१० साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला, १ एप्रिल २०१५ पासून तो जिल्हा कोरडा झाला आणि २०२१ साली तेथील बंदी उठली. या वेळी तेलंगणाची बाजू ओली होती.

आता पहिला युक्तिवाद ऐका. "बंदी केली की चोरटी दारू येते, म्हणून बंदी चूक." हे वाक्य दोन्ही वेळा, नदीच्या दोन्ही काठांवर बोलले गेले. त्यातली माहिती खरी आहे, चोरटी दारू आली. पण 'म्हणून' या शब्दावर बोट ठेवा. चोऱ्या होतात म्हणून चोरीविरुद्धचा कायदा चूक, असे कोणी म्हणत नाही. शेजारी दुकान उघडे असताना एकट्या जिल्ह्याची बंदी गळते, एवढेच त्या माहितीवरून सिद्ध होते. परंतु बंदीच्या बाजूच्या माणसानेही एवढ्यावर टाळी वाजवू नये. एकूण पिणे किती घटले, आणि जे उरले ते किती विषारी झाले, याचे उत्तर त्याला द्यावेच लागेल. हा मोजण्याचा प्रश्न आहे. घोषणेने तो सुटत नाही.

मोजण्यातही फसगत असते, येथे जरा थांबू. बंदीनंतर चंद्रपुरात दारूचे गुन्हे वाढले, हे आकड्यांसह सांगितले गेले. पण जी विक्री काल परवान्याने कायदेशीर होती तीच आज गुन्हा ठरली, तर नोंदी वाढणारच! शिवाय ठाणेदार दक्ष असेल तर नोंदी जास्त, ढिला असेल तर कमी. म्हणजे हा आकडा दारू मोजतो की पोलिसांचे काम मोजतो, हे आधी ठरवले पाहिजे. त्याऐवजी घरातली मारहाण, दवाखान्यातले रुग्ण, किराणा दुकानाची उधारी यांकडे पाहिले तर चित्र अधिक खरे दिसेल. कोणी आकडा पुढे केला की आपण एवढेच विचारावे, "बाबा, हा आकडा नेमके काय मोजतो?"

दुसरा युक्तिवाद महसुलाचा. त्याला आपण लोभ म्हणून झिडकारतो, आणि ते योग्य नाही. रामारावांनी बंदीबरोबरच २ रुपये किलो तांदळाचेही वचन दिले होते. गुत्ता बंद करा म्हणणारी बाईच रेशनच्या रांगेत उभी होती. तिजोरी आटली तर तिच्या ताटावर परिणाम होतो, हे खरे. पण पुढचा प्रश्न विचारा, तिजोरीत तो पैसा आला कोठून? बराचसा तिच्याच नवऱ्याच्या मजुरीतून. तिच्या घरातून काढून तिच्याच घरी तांदूळ म्हणून परत देण्याला उत्पन्न म्हणावे का, याचा निवाडा आपणच करा. मला तो युक्तिवाद हलका वाटतो.

आता आपला स्वतःचा युक्तिवाद, आणि येथे तागडी अधिक कडक हवी. "आमच्यात दारू वर्ज्य आहे, म्हणून सर्वांना बंदी हवी." दीक्षेने घेतलेला नियम मला बांधतो. पण तो शेजारच्या गोंड बांधवाला कसा बांधणार? आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये मोहाच्या दारूला देवकार्यात आणि जन्म-लग्न-मृत्यूच्या विधींत स्थान आहे. हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात त्यांच्यात राहून हे लिहून ठेवले आहे. त्यांना बंदी पटवायची तर त्यांनाही मान्य होईल असे कारण हवे. आपला नियम हे त्यांच्यासाठी कारण होत नाही.

परंतु याच्या उलट "ती त्यांची परंपरा, आपण बोलू नये" हेही अपुरे आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती लोकचळवळीतून, आणि तीत आदिवासी गावे होती. परंपरेच्या आतली माणसेच तक्रार करतात तेव्हा परंपरेचे नाव सांगून त्यांना गप्प बसवता येत नाही. शिवाय देवाला वाहिलेली मोहाची धार आणि रोज विकली जाणारी बाटली यांना एकच 'दारू' हा शब्द लावला, की अर्धा वाद तेथेच बिघडतो.

काही जण बोलणाऱ्याकडे बोट दाखवून वाद संपवतात. "तो तर दुकानदाराचा माणूस, तो असेच बोलणार." हितसंबंध पाहावा, त्याने सावध व्हावे, पण उत्तर द्यायचे ते म्हणण्याला. आपल्या शरणांमध्ये हेंडद मारय्या होते, ज्यांचा धंदाच हेंड म्हणजे मद्य विकण्याचा. त्यांची वचने आपण व्यवसाय पाहून टाकून दिली नाहीत. आयदक्की लक्कम्मांनी जास्त वेचून आणलेले तांदूळ नवऱ्याला परत नेऊन टाकायला लावले. बोलणारी घरची बायको आहे म्हणून मारय्यांनी ते म्हणणे मोडीत काढले नाही.

"मी पितो, तो माझा प्रश्न" या म्हणण्यालाही वजन आहे. पिणारा प्रत्येक जण घरात हात उगारतो असे नाही. ज्याच्या पिण्याने इतरांचे काही बिघडत नाही त्याच्यावर बंदी का, याचे उत्तर बंदीवाल्यांनी द्यायला हवे. मला विचाराल तर महाराष्ट्रातली 'आडवी बाटली'ची रीत यावर बऱ्यापैकी उत्तर आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी विरोधात मत दिले की दुकान बंद. पिणाऱ्याचे घरातले पिणे त्याने थांबत नाही. पण ज्यांच्यावर परिणाम पडतो त्यांच्या दारातून दुकान हलते.

शेवटी एक अवघड गोष्ट उरते. तेलंगणात ताडी काढणे हा गौड समाजाचा पिढीजात व्यवसाय आहे. "कायक हाच कैलास, मग हाही कायकच" असे कोणी म्हणाले तर काय म्हणाल? झाडावर जीव धोक्यात घालून चढणाऱ्याचे कष्ट खरे आहेत. पण शरणांना कायक शुद्ध हवा होता, आणि ताडीत क्लोरल हायड्रेट वा झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळणारा त्या कसोटीला उतरत नाही. आणि पाहा, २०१५ साली तेलंगणात अशा भेसळीवर कारवाई झाली तेव्हा सवय जडलेली माणसे एकाएकी ती तुटल्याने आजारी पडून दवाखान्यांत दाखल झाली. कारवाई योग्यच होती. पण त्या माणसांच्या उपचाराची सोय आधी करायची की दुकान आधी बंद करायचे? येत्या सोमवारच्या सत्संगात हाच प्रश्न घ्यावा. बंदीच्या बाजूच्यांनी विरोधकांची बाजू मांडावी, विरोधकांनी बंदीची. समोरचा "हो, माझे म्हणणे हेच" असे म्हणेपर्यंत उत्तराला सुरुवात करू नये.