भाता कोण मारतं?

प्रश्न : माझ्याकडे ६५० सीसीची, दोन सिलिंडरची मोटारसायकल आहे. नेवासा फाट्यावर मित्राच्या गॅरेजात आमचा नेहमी वाद होतो : टर्बो चांगला की सुपरचार्जर? ट्रक-ट्रॅक्टरला सर्रास टर्बो असतो, मग मोटारसायकलला कंपन्या तो का देत नाहीत? आणि चुलत्यांच्या ट्रॅक्टरचा उतरवलेला टर्बो घरी पडून आहे, तो माझ्या गाडीला चालेल का?
– एक वाचक, नेवासा

उत्तर : चुलत्यांचा टर्बो टेबलावर काढून ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

गाडीची ताकद पेट्रोलवर ठरते असं आपण म्हणतो, पण खरी टंचाई असते ती हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं टाकता येतं. हवा मात्र पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच मिळते. तुमचं इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल तर फार तर सव्वादोन हजार लिटर हवा आत घेईल. लोहाराच्या भट्टीत कोळसा तोच असतो, भात्याने हवा भरली की लोखंड तांबडं होतं. टर्बो आणि सुपरचार्जर हे दोन्ही भातेच आहेत. भाता कोण मारतं, एवढाच काय तो फरक.

टर्बोमध्ये भाता मारतो तो जळलेला वायू. भेंडे किंवा सोनईच्या साखर कारखान्यात वाफेच्या झोतावर टर्बाइन फिरतं, तसंच इथे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावर बसवलेलं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बो त्यातलाच थोडा कामाला लावतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं.

सुपरचार्जर वायूची वाट पाहत नाही. तो गिअरने किंवा पट्ट्याने थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. इंजिन फिरलं की तो फिरतो. त्याला लागणारी ताकद मात्र इंजिनाच्याच कमाईतून जाते.

म्हणजे हिशेबाने टर्बो सरस. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये तो आहे तो त्यामुळेच : नांगरट करताना इंजिन तासन् तास एका लयीत, पूर्ण ओझ्याखाली चालतं, चक्र सतत फिरतं राहतं. मोटारसायकलचं तसं नाही. वळणावर गाडी कललेली असते, मागच्या टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, आणि तुम्ही उजवी मूठ हळूच पिळता. त्या क्षणी जेवढी मूठ तेवढीच ओढ हवी. टर्बोत आधी वायू वाढतो, मग चक्र वेग घेतं, मग दाब चढतो. मूठ पिळल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग एकदम ढकलल्यासारखी ताकद येते. चारचाकीत हा उशीर खपतो. कललेल्या दुचाकीवर तो मागचं चाक घसरवू शकतो. तुमच्या वादाचा निकाल माझ्या मते इथेच लागतो.

कंपन्यांनी टर्बो दिला नाही असं मात्र नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चारही मोठ्या जपानी कंपन्यांनी तो देऊन पाहिला : होंडाची सीएक्स ५०० टर्बो, यामाहाची एक्सजे ६५० टर्बो, सुझुकीची एक्सएन ८५ आणि कावासाकीची ७५० टर्बो. होंडाच्या साध्या सीएक्स ५०० ची ताकद सुमारे ५० अश्वशक्ती होती, टर्बोने ती ८२ झाली. कावासाकीने टर्बो इंजिनाच्या पुढे, वायू बाहेर पडतो तिथेच जवळ बसवला, म्हणून तिचा पिकअप या चौघींत सर्वांत चटकन येई. तरी दशक अर्धं सरेपर्यंत सगळ्या बंद झाल्या. गाड्या जड होत्या, महाग होत्या, गुंतागुंतीच्या होत्या. १९८५ मध्ये सुझुकीची जीएसएक्स-आर ७५० आली, तिने टर्बोशिवाय, हलक्या अंगाने, जवळपास १०० अश्वशक्ती दिली. मग टर्बोचं ओझं वाहायचं कशाला?

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१५ मध्ये, कावासाकीने निंजा एच टू आणली ती सुपरचार्जर घेऊन. ९९८ सीसी, रस्त्यावरच्या गाडीला सुरुवातीला सुमारे २०० अश्वशक्ती. हे यंत्र मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सुपरचार्जरचं चक्र फक्त ६९ मिलिमीटर व्यासाचं, ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेलं. क्रँकपेक्षा ते नऊपटीहून अधिक वेगाने फिरतं : इंजिन १४,००० वर असताना चक्र मिनिटाला जवळपास १,३०,००० फेरे घेतं. गणित करून पाहा, त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४७० मीटर येतो, म्हणजे आवाजाच्याही पुढे. कंपनीच्या गॅस टर्बाइन आणि विमान विभागांची मदत घेऊन ते घडवलं आहे. गंमत अशी की गोगलगाईसारखं दिसणारं त्याचं घर हुबेहूब टर्बोच्या अर्ध्या भागासारखं आहे. फक्त गरम वायूचं चक्र काढून तिथे गिअर बसवले आहेत. हवा तशीच दाबली जाते, पण मुठीशी तिचं नातं पक्कं राहतं.

आता तुमच्या गाडीबद्दल. एच टूच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुद्दाम ८.५ ला १ एवढं कमी ठेवलं आहे. भाता नसलेल्या लिटरच्या स्पोर्ट्स गाड्यांत ते १३ च्या आसपास असतं. कारण हवा दाबली की तापते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमधली ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर, कुठेही तोटा न धरता, ती १०० अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. अशी हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली गेली की पेट्रोल ठिणगीआधी किंवा वेडंवाकडं पेटतं, नॉकिंग होतं, पिस्टनला भोक पडतं. भाता लावायचा तर पिस्टन, हेड गॅस्केट, इंजेक्टर, ईसीयूचं गणित, क्लच, ब्रेक, सगळंच बदलावं लागेल. एवढं करायचं तर गाडी पहिल्यापासून त्यासाठीच घडवलेली बरी.

शिवाय कायदा आहे. आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला, व्हीआरडीई ही संस्था आहे. पुण्याच्या एआरएआयप्रमाणे तीही वाहनांची अधिकृत तपासणी करते. अशा संस्थेने मंजूर केलेलं मॉडेलच रस्त्यावर येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मालकाला मनाने फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी दावाही नाकारू शकते. तुम्ही राहता तो रस्ता आठवा : हंगामात घोडेगावपासून प्रवरासंगमपर्यंत अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागे दिवाही नाही. ताशी १०० च्या वेगात सेकंदाला २७ मीटरहून जास्त अंतर जातं. त्या रस्त्यावर मला तुमच्या गाडीची ताकद वाढलेली नको, ब्रेक पॅड आणि टायर नवे हवे आहेत.

आता टेबलावरचा टर्बो. तुमच्या गाडीला तो चालणार नाही, आणि कारण शिकण्यासारखं आहे. तीन लिटरचं डिझेल इंजिन २,००० फेऱ्यांवर, टर्बो नसतानाही, मिनिटाला सुमारे ३,००० लिटर हवा ओढतं; मूठ पूर्ण पिळून ७,००० वर नेलेल्या तुमच्या इंजिनापेक्षाही जास्त. रोजच्या चालण्यात तर तुमची मूठ अर्धवटच उघडी असते, त्यामुळे वायू फारच थोडा निघेल आणि ते चक्र जागंच होणार नाही. जागं झालंच तर दुसरा धोका आहे. डिझेलच्या मानाने पेट्रोल इंजिनाचा वायू शेकडो अंशांनी जास्त गरम असतो, आणि डिझेलसाठी घडवलेलं टर्बाइन तो ताप सोसेलच असं नाही.

पण तो भंगारात देऊ नका. दोन्ही चक्रं पाहा : एक ॲल्युमिनियमचं, हलकं, थंड हवेचं, दुसरं काळपट, जड, निकेलच्या मिश्रधातूचं. मधल्या दांड्याला बॉल बेअरिंग बहुधा नसेल. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. गाडी थांबवल्याबरोबर इंजिन बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, असं जाणते ड्रायव्हर सांगतात ते या तेलासाठीच : ते तापलेल्या दांड्यावर अडकून जळून घट्ट होऊ नये म्हणून. दांडा बोटांत धरून हलवा. बाजूला किंचित हलला तर ठीक. पुढे-मागे स्पष्ट सरकत असेल, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर चुलत्यांनी तो का उतरवला हे तुम्हाला त्यांना न विचारताच कळेल.