आकस्मिक बहिरेपणा : पहिल्या दोन आठवड्यांचे मोल

लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी वसलेल्या भाजे परिसरात पावसाळा मुसळधार असतो. भातलावणीच्या दिवसांत कानाला दडा बसला, तर तो सर्दीचा समजून कानात तेल घालावे व वाट पाहावी, ही ग्रामीण भागातील सर्वपरिचित रीत आहे. बहुधा तो समज खराही ठरतो. परंतु क्वचित प्रसंगी तो दडा नसून आकस्मिक बहिरेपणा असतो आणि तेथे वाट पाहणे महागात पडते.

या विकारात बहुधा एकाच कानाची श्रवणशक्ती ७२ तासांच्या आत एकाएकी घटते. कानात आवाज येतो, काहींना चक्करही येते. दोष पडद्यात नसून अंतर्कर्णात किंवा श्रवणमज्जातंतूत असतो. बहुतेक रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही.

प्राथमिक ओळखीसाठी एक सोपी चाचणी आहे. रुग्णाने तोंड मिटून गुणगुणावे. आवाज बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू आल्यास मळ किंवा सर्दीचा संभव अधिक. चांगल्या कानात मोठा आल्यास मज्जातंतूचा दोष संभवतो. अंतिम निदान मात्र श्रवणमापनानेच होते.

उपचार म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होणे इष्ट असते. त्यांनी पुरेसा गुण न आल्यास, साधारणतः दोन ते सहा आठवड्यांच्या काळात, कानात इंजेक्शन देतात. पडदा बधिर करून बारीक सुईने औषध मध्यकर्णात सोडतात. तेथून ते एका नाजूक पटलातून अंतर्कर्णात झिरपते. त्यासाठी रुग्णास काही वेळ कुशीवर पडून राहावे लागते. औषध शरीरात अल्प प्रमाणातच पसरत असल्याने मधुमेही रुग्णांना ही पद्धत विशेष सोयीची ठरते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, २५० रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासात हे इंजेक्शन गोळ्यांपेक्षा कमी परिणामकारक आढळले नाही. तात्पुरती वेदना वा चक्कर संभवते. क्वचित पडद्याचे छिद्र भरून येत नाही. हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञाचेच होय. जुनाट बहिरेपणावर हा उपाय नाही, आणि प्रत्येकाची श्रवणशक्ती परत येईलच असेही नाही.

भाज्याजवळचे मळवली हे पुणे-लोणावळा लोकलमार्गावरील स्थानक आहे. पुण्याच्या ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. म्हणजे अडचण अंतराची नसून अज्ञानाची आहे. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे सांगितले तरी पुष्कळ होईल : एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर कानात काही घालू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे.