सात टनांची पाचर

माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला अर्धेच नख आहे. कुणी विचारले की मी म्हणतो, बाभळीने खाल्ले. बाभळीची बदनामी होते, पण माझा मूर्खपणा झाकला जातो. आज मात्र खरे ते सांगतो, कारण आमच्या सालेकसात आणखी दोघे-तिघे लाकूड फोडायचे हेच मशीन घ्यायच्या बेतात आहेत.

घरी गॅस आहे. तरी चुल्हा सुटलेला नाही. विदर्भातला थंडीचा नीचांक पुष्कळदा गोंदियाच्याच नावावर लागतो; डिसेंबर-जानेवारीत अंघोळीचे पाणी गॅसवर तापवले तर सिलिंडर महिनाभर टिकत नाही. त्यात कचारगडच्या यात्रेला, माघ पौर्णिमेच्या सुमारास, दरेकसाकडे जाणारे पाहुणे आमच्याकडेच उतरतात. मोठी गंजे चुल्ह्यावरच चढतात. म्हणजे जळतन हवेच.

पावसाळ्यात धुऱ्यावरच्या दोन जुन्या बाभळी उन्मळून बांधीत पडल्या. ओंडके घरामागच्या सांदवाडीत आणून टाकले. दरवर्षी फोडून देणारे भाऊ त्या साली कामाला हैदराबादकडे गेलेले. माझी कंबर निवृत्तीच्या आधीच निवृत्त झाली होती. पोराने पुण्याहून मोबाइलवर चित्र पाठवले : विजेवर चालणारे लाकूड फोडायचे हायड्रॉलिक मशीन, सात टन दाब, २२०० वॅट. चित्रात एक गोरा म्हातारा हसत हसत सरळसोट ओंडके ठेवत होता आणि ते भाकरीसारखे दुभंगत होते. त्या ओंडक्यांना एकही गाठ नव्हती, हे मी पाहिले नाही. मी फक्त ‘सात टन’ वाचले.

मशीनची रचना साधी आहे. मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबतो, तेल दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या ओंडक्याला समोरच्या पोलादी पाचरीवर रेटतो. घणाने पाचर ठोकायची तीच गोष्ट, फक्त इथे लाकूड पाचरीकडे जाते. एक हात बटणावर आणि दुसरा दांडीवर असला तरच दट्ट्या सरकतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला घोळ विजेचा. अंगणातल्या बोर्डापासून सांदवाडीपर्यंत मी मंडपवाल्याची तीस मीटरची वायर घेतली, बारीक, आणि उरलेली तशीच गुंडाळीत ठेवून. संध्याकाळची वेळ, आजूबाजूला मोटारी सुरू. मशीन नुसते कण्हत होते. मीटर लावून पाहिला तर १७८ व्होल्ट. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवले, पण हा हिशेब सुचला नाही : अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० चे १७८ झाले की जोर ६० टक्क्यांवर. तेवढ्यात गुंडाळीतून जळका वास आला. आतले वेढे एकमेकांना चिकटले होते. आता मी सकाळी मशीन लावतो, २.५ चौरस मिलिमीटरची आखूड वायर वापरतो, ती पूर्ण उलगडतो आणि प्लग १६ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच घालतो.

दुसरा घोळ एका बोटभर स्क्रूचा. तेलाच्या टाकीला हवेचा स्क्रू असतो. मशीन हलवताना तो घट्ट करायचा, म्हणजे तेल सांडत नाही. चालवताना दोन-तीन आटे सैल करायचा, म्हणजे आतली हवा ये-जा करते. मी तो आठवडाभर घट्टच ठेवला. अडकलेली हवा दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला दबायची, फुगायची, आणि शेवटी सील गेले. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. आमगाव, गोंदिया पालथे घातले. शेवटी ट्रॅक्टरच्या लिफ्टचे काम करणाऱ्या एका मिस्त्रीने मापाचे सील शोधून बसवले. म्हणून विकत घेण्याआधी टन विचारू नका, सील कुठे मिळेल ते विचारा.

त्या मिस्त्रीने एक गोष्ट रागावूनच सांगितली. तेल कुठून झिरपते हे मी बोट फिरवून पाहत होतो. तो म्हणाला, “गुरुजी, हात काढा आधी!” दाबाखाली सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडीतून आत शिरते. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आतले मांस मात्र सडू लागते. तशा वेळी मलम लावून घरी बसायचे नाही, ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. गळती पाहायची तर मोटर बंद करून, दाब सोडून. चालू मशीनवर पाहायचीच असेल तर दुरून पुठ्ठा धरून.

आता बोटाचे. बाभूळ वाकडी, ओंडका खाचेत सरळ बसत नाही, डुलतो. दोन्ही हात मशीनवर गुंतले की त्याला धरायचे कुणी? मी शक्कल लढवली : सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांडी बांधून टाकली. एक हात मोकळा झाला. स्वतःवर खूश होतो. दहा-बारा ओंडके छान फुटले. पुढचा दुहेरी फांदीचा, मधोमध गाठ. पाचर गाठीवर टेकली, मशीन हादरले, ओंडका फुटण्याऐवजी गर्रकन फिरला आणि बोट त्याच्या आणि लोखंडी कडेच्या मधे सापडले. बटण सोडून मशीन थांबायला जेवढा क्षण गेला, तेवढ्यात काम झाले होते. पाच टाके पडले.

दिवाळीला भाऊ परत आले. बोट पाहिले, मशीन पाहिले, मग तो ओंडका उचलून त्याचे तोंड उन्हाकडे फिरवले. कापलेल्या बाजूवर केसाएवढ्या भेगा होत्या. “यातूनच जा लागते,” ते म्हणाले. “गाठीवर नाही मारा लागत. गाठ बाजूला ठेवून कडेकडेने सोला लागते.” मग त्यांनी मला मशीनवरच शिकवले : भेग पाचरीच्या रेषेत आणायची, दुहेरीचे बूड आधी लावायचे, वाकड्याला आऱ्याने दोन्ही तोंडे सपाट करून घ्यायची. पाच सेकंदांत फुटला नाही तर दाबून धरायचे नाही; मागे घ्यायचा, फिरवायचा. आणि बाभूळ ओली असतानाच फोडायची. वाळली की लोखंड होते. मी तीन महिने वाळवून मग भिडलो होतो.

कायद्याच्या बाबतीत मात्र धुऱ्यावरची बाभूळ होती म्हणून निभावले. ऐन, मोहा, बीजा ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत; स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मशीन आले की माणसाची नजर उभ्या झाडांवर जाऊ लागते, माझीही गेली होती.

मशीन अजून आहे. सरळ लाकडाला उत्तम, एका सकाळी आठवड्याचे जळतन होते. गाठीचे ओंडके भाऊंसाठी वेगळे रचून ठेवतो. ते येतात, चहा घेतात, एकेकाकडे बघत बसतात, मग घण मागतात. ट्यूबची पट्टी आमच्या हिने कापून नळाच्या गळक्या जोडाला बांधली आहे.