दुखणं सोसलं, म्हणजे आजार आटोक्यात आला?

प्रश्न : वय 46. मला रुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट कॅन्सरची गोळी असल्याचं ऐकून ती बंद केली. वेदनाशामक घेऊन भाकरी थापणं, कापूस वेचणं निभतं. दुखणं सोसवत असेल तर एवढं पुरे ना?
– एक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, या आजारात सोसण्यावर विसंबू नका. इथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वेदनाशामक ठणका कमी करतं, पण हाडाची झीज थांबवत नाही. म्हणून दुखणं सुसह्य असतानाही बोटं वाकडी होऊ शकतात. झीज रोखते ती मेथोट्रेक्सेट. तिचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि अनेकजण नेमके त्याआधीच धीर सोडतात. कॅन्सरमध्ये ती वापरतात हे खरं, पण तिथले डोस कितीतरी मोठे. तुमची भीती अगदीच निराधार नाही : यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या वेळेवर हव्यात, सोबत फॉलिक अ‍ॅसिड हवं, आणि ही गोळी चुकूनही रोज घ्यायची नाही. पण रोजचं वेदनाशामकही निर्धोक नाही. त्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. बिनलेबलच्या पुड्या तर नकोतच, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

भिगवणला 1996 मध्ये सुरू झालेल्या पाहणीत हा आजार सुमारे दोनशे प्रौढांमागे एकाला आढळला, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. गोळी परस्पर सुरू करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना किंवा जळगाव, धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात, तेही सांगा.