खाते मिटावे, ताटी उघडावी

आळे हे रेड्याच्या समाधीचे गाव. पैठणास ज्ञानोबारायांनी ज्याच्या मुखी वेद वदविले, तो रेडा येथे समाधिस्थ झाला, अशी परंपरा आहे. सप्ताहातले कीर्तन आटोपून आम्ही समाधीपाशी बसलो असता मृदंग शिकणारा एक कॉलेजातला पोर म्हणाला, "बुवा, मी इन्स्टाग्राम बंद केलं." कारण पुसता कळले की त्याच्या वादनाच्या चित्रफितीखाली चारचौघांनी टवाळी केली. तेव्हापासून त्याने मृदंगाची गवसणीही काढली नव्हती.

तरुण मंडळी खाती का मिटतात? ऑर्कुट २०१४ साली कंपनीने मिटले, टिकटॉक २०२० साली सरकारने. त्यात कोणाचे वैराग्य नव्हे. आपल्या हाताने मिटणाऱ्यांची कारणे निराळी. कोणी दुसऱ्याचे सुख पाहून झुरतो. कोणाची रात्र बोट सरकवण्यात जाते, कारण त्या पानास शेवटच नाही. कोणी निंदेने पोळतो. फेसबुकने २००९ साली पसंतीचे बटण आणले. मग स्तुतीही मोजून मिळू लागली, आणि मोजलेली स्तुती कधी पुरत नाही.

सज्जनहो, सरणापाशी उपजते ते स्मशानवैराग्य. घरी येताच ओसरते. विवेकातून येते ते टिकते. खाते कायमचे पुसा म्हटले तरी इन्स्टाग्राम ३० दिवस थांबते. तेवढ्यात माणूस परतला तर सारे जसेच्या तसे!

लोकांच्या बोलांनी खिन्न होऊन ज्ञानोबारायही ताटी लावून बसले होते. धाकट्या मुक्ताईने दाराशी उभे राहून विनविले. तेच ताटीचे अभंग. तिने निंदकांची बाजू घेतली नाही. निंदा सोसावी कशी, ते समजाविले.

आम्ही त्या पोरास म्हटले, "खातं मिटलंस, बरं केलंस. पण टवाळांपायी मृदंग का सोडतोस?"

तो म्हणाला, "बुवा, मागल्या खेपेस तुम्हीच विचारलंत, किती जणांनी पाहिलं म्हणून."

आम्ही मान खाली घातली. वडीलधाऱ्यांनो, आकडा पुसणारे आपणच! घरातल्या पोराने खाते मिटले तर त्यास हिणवू नये, परत जा असेही म्हणू नये. आज काय शिकलास, एवढे पुसावे, आणि मुक्ताईसारखे दाराशी उभे राहावे.

"उद्या काकड्याला साथीस ये," आम्ही म्हटले. पहाटे तो आला, गवसणी सुटली. ऐकणारे किती होते, ते आम्ही मोजले नाही.

रामकृष्णहरि.